वाचताना मोबाईलची स्क्रीन बंद होते? टाइमआउट वाढवण्याआधी हे वाचा

मोबाईलवर पीडीएफ वाचताना नेमकी महत्त्वाच्या ओळीवर स्क्रीन काळी होते, हा वैताग मला चांगलाच माहीत आहे. इंजिनिअरिंगला असताना माझ्या सगळ्या नोट्स मोबाईलमध्येच होत्या. शेवटी कंटाळून मी स्क्रीन टाइमआउट थेट ३० मिनिटांवर टाकला आणि विसरून गेले.

एके दिवशी झेरॉक्सच्या दुकानात फोन काउंटरवरच राहिला. १५-२० मिनिटांनी धावत परत गेले, तर फोन तसाच उघडा! माझे मेसेज, बँकेचे ओटीपी, सगळं समोर. दुकानातले काका भले होते म्हणून वाचले. त्या दिवसापासून मी हा उपाय कुणालाच सांगत नाही.

स्क्रीन बंद का होते?

तुम्ही स्क्रीनला हात लावला की फोनमधला टायमर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ठरलेल्या वेळेत टच झाला नाही, की फोनला वाटतं कोणी वापरत नाहीये. वाचताना आपण नुसतं बघत असतो, तिथेच गडबड होते.

मग सिनेमा बघताना का बंद होत नाही? कारण व्हिडिओ ॲप सिस्टीमला सांगतं, "मी समोर आहे तोवर स्क्रीन चालू ठेव." अँड्रॉइड ॲप बनवताना यासाठी आम्हाला कोडची एक ओळ पुरते. ॲपमधून बाहेर पडलं की ही सूट आपोआप संपते.

मग करायचं काय?

१. आधी तुमच्या वाचनाच्या ॲपची सेटिंग्ज बघा. बऱ्याच ॲप्समध्ये 'कीप स्क्रीन ऑन' असा पर्याय असतो. तो फक्त त्या ॲपपुरता चालतो, बाकी फोन नेहमीसारखा लॉक होतो. मात्र ॲप उघडं ठेवून फोन खाली ठेवणार असाल, तर पॉवर बटण दाबायला विसरू नका.

२. ॲपमध्ये सोय नसेल तर फोनमध्ये शोधा. पिक्सेलमध्ये 'स्क्रीन अटेन्शन' आणि सॅमसंगमध्ये 'कीप स्क्रीन ऑन व्हाइल व्ह्यूइंग' मिळेल. पुढचा कॅमेरा तुमचा चेहरा बघतो आणि तुम्ही समोर असेपर्यंत स्क्रीन चालू राहते. अंधारात मात्र याचा फारसा भरवसा नाही.

३. हे दोन्ही नसेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये टाइमआउट २ किंवा ५ मिनिटं करा. त्यापुढे जाऊ नका.

आयफोनवाल्यांनी 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस'मध्ये 'ऑटो-लॉक' बघावं. तिथे 'नेव्हर' दिसेल, पण तो मोह टाळा. वेळ बदलताच येत नसेल तर लो पॉवर मोड चालू आहे का तपासा. तो चालू असताना ऑटो-लॉक ३० सेकंदांवर अडकतो.

टाइमआउट मोठा ठेवला तर बॅटरी जास्त जाते हे खरंच, पण ती पुन्हा चार्ज करता येते. उघड्या फोनमधून बाहेर गेलेली माहिती परत आणता येत नाही. म्हणून आत्ताच सेटिंग उघडा आणि तुमचा टाइमआउट किती आहे ते बघून घ्या. कदाचित तुम्हीही माझ्यासारखा कधीतरी वाढवून विसरला असाल!