धावण्याचा दम आणि कबड्डीचा दम

रोज दहा किलोमीटर धावणारा माणूस कबड्डीच्या संघात जातो आणि चार चढायांतच धापा टाकतो. मग त्याला वाटते, दम कमी पडला. आणखी धावायला हवे. हा समज फार पसरलेला आहे, पण अडचण वेगळी असते.

शरीर ज्या कामाचा सराव करते त्याच कामासाठी घडते. याला सरावाची विशिष्टता म्हणतात. हायवेवर एका वेगात जाणारी गाडी आणि शहरात दर सिग्नलला थांबून निघणारी गाडी, दोन्ही तेवढेच अंतर कापतात. पण ब्रेक आणि क्लच झिजतात ते शहरातल्या गाडीचे. कबड्डीही अशीच. चढाई ३० सेकंदांची. त्यात झेप, झटकन थांबणे, आडवे सरकणे, पकडीतून सुटण्याची झटापट. थांबताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि संथ धावण्यात हा भार फार कमी येतो.

धावणे वाया गेले असे मात्र नाही. दोन चढायांच्या मध्ये श्वास लवकर पूर्ववत होतो तो त्याच्याच जोरावर. म्हणून आठवड्यातून दोनदा धावणे ठेवावे. उरलेले दिवस दहा मीटरच्या वेगवान धावा, दिशाबदल, बैठका आणि पडण्याचा सराव यांना द्यावेत. भार हळूहळू वाढवावा. स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) जास्त वेळ लागतो. घोटा किंवा गुडघा दुखत असेल तर त्या दिवशी मैदानात उतरू नका.