कोरी रोट्टी आणि घरातील ज्येष्ठ

मंगळुरूच्या खाणावळीत ‘कोरी रोट्टी’ मागितली की दोन गोष्टी वेगवेगळ्या समोर येतात. एका ताटात उकड्या तांदळाच्या पातळ, कागदासारख्या कुरकुरीत रोट्ट्या आणि वाडग्यात लालसर, दाट, वाफाळणारी गस्सी. मराठी वाचकाने ‘कोरी’ या शब्दाने फसू नये. तुळू भाषेत कोरी म्हणजे कोंबडी आणि गस्सी म्हणजे तिचा दाट रस्सा. दक्षिण कन्नड, उडुपी आणि कासारगोडचा उत्तर भाग मिळून जो तुळुनाडू होतो, तेथील हे घरचे पक्वान्न. मुंबईत फोर्ट परिसरातील मंगळुरी हॉटेलांमुळे ते आपल्याही परिचयाचे झाले आहे. रोट्टी हाताने मोडावी, तिच्यावर रस्सा ओतावा, ती भिजू द्यावी आणि मग खावी, अशी रीत आहे.

अशा हॉटेलात कुटुंब जेवायला बसते तेव्हा सगळ्यांसाठी गस्सी मागवली जाते आणि आजोबांसाठी दहीभात. त्यामागे काळजी असते, हे मी जाणतो. पण ही काळजी पुष्कळदा चुकीच्या पदार्थावर खर्च होते, असे माझे मत आहे.

वय वाढते तसा गंध मंदावतो, चवही बोथट होते. सौम्य, पांढरे, पचायला हलके असे अन्न महिनोन्महिने पुढे येऊ लागले की ज्येष्ठ व्यक्ती दोन घासांत ताट बाजूला सारते. घरचे म्हणतात, भूक कमी झाली. खाणे कमी होते, मांड्यांचे स्नायू झिजतात आणि एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो. भारतीय शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांसाठी 1 ते 1.2 ग्रॅम असावीत, असे अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या आजींना दिवसाला साठ ग्रॅम किंवा थोडी अधिक. एक वाटी वरणातून जेमतेम पाच-सात ग्रॅम मिळतात. हाडे वगळून 75 ग्रॅम शिजलेल्या कोंबडीतून मात्र अठरा-वीस ग्रॅम मिळतात. भाजलेले धणे, जिरे, मेथी, मिरे, लसूण आणि खोबरे यांचा गस्सीतला गंध मंदावलेल्या नाकापर्यंतही पोहोचतो, हा आणखी एक लाभ.

रंग पाहून घाबरू नये. तो बहुतांशी ब्याडगी मिरचीचा असतो. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही मिरची रंगाला गडद आणि तिखटपणाला मवाळ असते. तरीही प्रत्येक स्वयंपाकघराचा हात निराळा. आधी चमचाभर रस्सा चाखून पाहावा.

खरे लक्ष द्यायचे ते घास गिळण्याकडे. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला पातळ रस आणि कडक तुकडा एकाच घासात आला तर तो सांभाळणे अवघड जाते. रस आधी घशात उतरतो, तुकडा मागे राहतो. अर्धवट भिजलेली रोट्टी नेमकी अशीच असते. जेवताना खोकला येणे, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा होणे, वारंवार ताप किंवा न्यूमोनिया होणे ही लक्षणे दिसत असतील, तर त्या व्यक्तीला रोट्टी देऊ नये आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी. तोवर काय द्यावे, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. गिळणे व्यवस्थित असून केवळ दात नसतील, तर रोट्टी पूर्ण मऊ होईपर्यंत भिजवावी किंवा नीर दोसा मागवावा.

हाडांचा धोका याहून फसवा आहे. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे हाडाची बारीक कपची तोंडात जाणवत नाही. मोतीबिंदू आणि हॉटेलातला मंद प्रकाश यांची भर पडते. मांडीचा तुकडा मागवावा. तो छातीच्या मांसापेक्षा मऊ व रसदार असतो. हाडे आपल्या ताटात काढून मांस त्यांच्या ताटात वाढावे, पण हे गाजावाजा न करता करावे. चारचौघांत आपल्याला भरवले जात आहे, हे कोणत्याही वडीलधाऱ्यांना रुचत नाही.

खोबऱ्यातील स्निग्धांश बहुतांशी संपृक्त असतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी तुकडे खावेत, रस्सा वाटीभर न पिता रोट्टी भिजण्यापुरता घ्यावा. मिठाचेही तेच. रस्सा कमी घेतला की मीठही कमी जाते. शिवाय लोणचे व पापड त्या दिवशी वगळावेत. दिवसभरात एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत राहावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. मूत्रपिंडाचा जुनाट आजार असेल, तर प्रथिने आणि नारळाच्या दुधातील पोटॅशियम या दोहोंचा हिशेब आपल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. माझे वरचे गणित त्यांना लागू नाही.

मधुमेहींनी रोट्टी मोजून खावी. ती हलकी भासते, पण शेवटी तांदूळच आहे. जेवणाआधीचे इन्सुलिन किंवा गोळी घरून निघतानाच घेऊ नये. रविवारी दुपारी टेबल मिळायलाच तासभर लागतो आणि तेवढ्यात साखर उतरून घाम फुटलेली माणसे माझ्या दवाखान्यात आलेली आहेत. जमल्यास दुपारचेच जेवण ठरवावे, म्हणजे नंतर दोन-तीन तास आडवे होण्याचे टाळता येते आणि छातीत जळजळ होत नाही.

उरलेली गस्सी घरी आणली तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी. नारळाचा रस्सा उष्म्यात लवकर बिघडतो. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढीच काढून चांगली उकळावी. रोट्ट्या मात्र कोरड्या डब्यात कुरकुरीत राहतात.