वाटीभर तंबाखू, वीतभर नळी

जुन्या हिंदी चित्रपटातला श्रीमंत बाप आठवून पाहा. अंगात रेशमी गाऊन, मागे वळणदार जिना आणि दातांत पाइप. मुलीचा नाद सोडावा म्हणून गरीब नायकापुढे तो कोरा चेक टाकतो, तेव्हाही पाइप तोंडातून निघत नाही. चेकवरची रक्कम आपण विसरतो, पण पाइप लक्षात राहतो. पाइप म्हणजे बंगला, मोटार आणि कुत्रा, हे समीकरण आपल्याकडे असे पडद्यावरून पक्के झाले.

माझे वडील मुद्रितशोधक होते, दोन खोल्यांत राहत होते आणि पाइप ओढत होते. त्यामुळे चाळीत त्यांना ‘साहेब’ म्हणत. त्यात आदर कमी आणि कुचेष्टा जास्त असे. गंमत अशी की, शेजारचे दोघे-तिघे सिगारेटवर महिन्याला त्यांच्या दीडपट-दुप्पट खर्च करत, पण त्यांना कोणी साहेब म्हटले नाही. वडिलांच्या खर्चाच्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यांत दूध, रॉकेल, फी यांच्या खाली ‘तं.’ असे एक अक्षर आणि पुढे आकडा असतो. त्या आकड्यावरूनच मी या विषयाकडे वळलो. पाइप खरोखर श्रीमंतांचा की गरिबांचा? उत्तर शोधायला गेलो तर साडेचारशे वर्षांमागे जावे लागले.

युरोपात पाइप आला तेव्हा तो महागच होता, पण महाग होती ती तंबाखू, नळी नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पांढऱ्या मातीचे पाइप घडू लागले. त्यांच्या वाट्या इतक्या चिमुकल्या की, पुढे शेतात नांगराला लागून त्या वर आल्या, तेव्हा लोकांनी त्यांना पऱ्यांचे पाइप म्हटले. माणसाचे बोटही आत जाऊ नये अशी वाटी माणूस कशाला वापरेल? पण पऱ्यांचा इथे काही संबंध नव्हता. तंबाखू अटलांटिकपलीकडून येई, चिमूटभर परवडे, म्हणून वाटी चिमटीएवढी. त्यात पहिल्या जेम्स राजाला धुराचा मनस्वी तिटकारा. १६०४ साली त्याने तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि पौंडामागचा कर दोन पेन्सांवरून सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेला. म्हणजे एकदम एकेचाळीसपट! त्याच राजाने १६१९ साली लंडनच्या पाइप घडवणाऱ्यांच्या मंडळाला सनद दिली. धूर नको, पण धुराच्या धंद्यावर शिक्का आपला हवा, ही राज्यकर्त्यांची रीत तेव्हापासूनची आहे.

पुढे व्हर्जिनियात लागवड फोफावली. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास तिथे गोडसर जातीची तंबाखू लावली. १६२० च्या आसपास पौंडाला शिलिंगांत असलेला भाव दहाएक वर्षांत पेन्सांवर घसरला. (ही स्वस्ताई कोणाच्या घामाची, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आधी करारबद्ध मजूर आणि मग गुलाम आफ्रिकी यांनी तो भाव खाली ठेवला.) तंबाखू उतरली तशी वाटी वाढली. इंग्लंडमधल्या उत्खननात सापडलेले पाइप काळाच्या क्रमाने ओळीत मांडले, तर भावाचा आलेखच समोर दिसतो.

नळीचीही अशीच कथा आहे. ओल्या मातीच्या कांडीतून तार घालून भोक पाडत. दांडी जितकी लांब करायची, तितकी तार बारीक लागे. जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने १९५४ साली एक साधी युक्ती केली. फुटक्या नळ्यांच्या भोकांत त्याने ड्रिलची पाती घालून पाहिली. १६२० पूर्वीच्या नळ्यांत इंचाच्या ९/६४ मापाचे पाते बसे, १७५० नंतरच्या नळ्यांत ४/६४ चे. मूठभर तुकडे हाती आले की वसाहत कोणत्या काळातली, याचा अंदाज करता येऊ लागला. नाण्यांपेक्षा हे बरे, कारण नाणे माणूस जपतो, त्यामुळे त्याचा काळ आणि ते जमिनीत पडले तो काळ यांत अंतर पडते. मातीचा पाइप मात्र विकत घेतला, महिन्या-दोन महिन्यांत तुटला, फेकला. इतकी स्वस्त वस्तू होती, म्हणूनच तिचा पुरावा इतका भरवशाचा झाला.

त्याच काळात आपल्या दख्खनमध्ये काय चालले होते, हेही पाहण्यासारखे आहे. अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरला वकील म्हणून गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. उत्तरेत ती तेव्हा माहीत नव्हती. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगिजांबरोबर आलेली वस्तू आदिलशाहीत आधी पोचली होती. असद बेगने बादशहासाठी तीन हात लांबीची नळी मिळवली, तिच्या टोकांना रत्ने आणि मीनाकाम करवले, तोंडाला अकीक बसवला, वर सोन्याची अंगठी ठेवावी तसा सोन्याचा जाळ ठेवायचा भाग. हे सारे त्याने १६०४ च्या सुमारास दरबारात मांडले. बादशहाने काही झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली की, या वनस्पतीबद्दल आपल्या ग्रंथांत काही नाही, तेव्हा हे घेऊ नये. असद बेगचा युक्तिवाद असा की, जगात प्रत्येक चाल कधीतरी नवीच असते. अकबराने पुढे सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी लावली आणि व्यापाऱ्यांनी बाजार भरवला. १६१७ साली जहांगीरने बंदी घातली तोवर उशीर झाला होता.

मला या प्रसंगात रत्नांपेक्षा त्यांचा निरुपयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. अकिकातून येणारा धूर मातीतून येणाऱ्या धुरापेक्षा वेगळा नसतो. हुक्क्याचेही तसेच. बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी करून हुक्क्याचे बुंधे घडवले. ते आज संग्रहालयांत काचेमागे आहेत. गरिबाने नारळाच्या करवंटीत पाणी भरले. पश्चिम आशियात हुक्क्याला ‘नारगिले’ म्हणतात, तो शब्द फारसी ‘नारगील’ म्हणजे नारळावरूनच आला; आपल्या ‘नारळा’चा तो सख्खा भाऊ. म्हणजे चांदीच्या हुक्क्यालाही नाव मिळाले ते करवंटीचे.

चिलीम तर याहून साधी. कुंभाराने चाकावर ओढलेली मातीची निमुळती नळी, आत एक खडा, खाली ओल्या फडक्याची छापी, वर निखारा. मूठ वळून ओढायची, म्हणजे ओठ मातीला लागत नाहीत, आपल्याच मुठीला लागतात. म्हणून ती हातोहात फिरू शकते. शिर्डीच्या मशिदीत साईबाबांची चिलीम अशी फिरत असे आणि ती घेणाऱ्यांत शेतकरी होते तसे मामलेदारही होते. मात्र यावरून आपल्याकडे धुराने सगळ्यांना एका पंगतीला बसवले, असा निष्कर्ष काढला तर तो खोटा ठरेल. ‘हुक्कापाणी बंद’ हा उत्तरेतला वाक्प्रचार वाळीत टाकण्यासाठीच आहे. विकत घेणे प्रत्येकाला जमत होते. कोणाच्या हातून घ्यायचे, हे जात ठरवत होती. परवडणे आणि सामावणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

आज आपण ज्याला पाइप म्हणतो, तो लाकडी पाइप तसा अलीकडचा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, नापीक जमिनीत ब्रायर नावाचे झुडूप वाढते. त्याच्या मुळाशी एक गाठ धरते. ती पोसायला काही दशके लागतात आणि ती सहसा जळत नाही. फ्रान्समध्ये जुरा डोंगरातल्या सेंट क्लोद गावचे लाकूडकाम करणारे कारागीर या गाठीकडे वळले आणि ते गाव पाइपांचे झाले. गाठ कापायची, तासन् तास उकळायची, महिनोन् महिने सावलीत सुकवायची, मग कोरायची.

एकाच गाठीतून एक पाइप स्वस्त निघतो आणि दुसरा दहापट महाग, हे का? बहुतेक वेळा रेषांमुळे. लाकडाच्या उभ्या रेषा सरळ, सलग आणि डागाशिवाय असल्या की किंमत चढते. बारीक खड्डे लुकणाने बुजवलेले असले की उतरते. शिवाय नावाचे पैसे असतात. आल्फ्रेड डनहिलने १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटले आणि त्याच्या पाइपाच्या नळीवरचा पांढरा ठिपका पुढे प्रतिष्ठेची खूण झाला. सुकवण आणि भोकाची अचूकता यांनी थोडा फरक पडतो, हे मी नाकारत नाही. पण ठिपका ओढता येत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला मक्याचे कणीस आहे. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावात हेन्री टिबी हा मूळचा डच सुतार होता. १८६९ साली एका शेतकऱ्याने त्याला दाणे काढलेल्या कणसाचा पाइप कातून मागितला. टिबीने तो करून दिला, आणखी काही करून दुकानात ठेवले, ते खपले. कणसाच्या भेगा प्लास्टरने भरण्याच्या पद्धतीचे पेटंट त्याने १८७८ साली घेतले. त्याने या पाइपाला नाव दिले ‘मिसूरी मीरशॉम’. मीरशॉम म्हणजे तुर्कस्तानात एस्कीशेहिरजवळ निघणारा पांढरा, हलका, नक्षीदार पाइपांचा महाग दगड. कणसाला हे नाव देणाऱ्या सुताराच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीशी वाटते. तो कारखाना आजही त्याच गावात आहे. मार्क ट्वेन कणसाचाच पाइप ओढी. जनरल मॅकआर्थर ३० ऑगस्ट १९४५ रोजी पराभूत जपानच्या भूमीवर विमानातून उतरला, तेव्हा त्याच्या तोंडातही कणीसच होते. जगातला कोणताही पाइप त्याला मिळू शकला असता.

पाइपाचा हा साधेपणा राजकारण्यांनी अचूक हेरला. ब्रिटनचे मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन लोकांसमोर पाइप ओढत आणि खाजगीत सिगार. म्हणजे जी वस्तू आमच्या चित्रपटांत भांडवलदाराची खूण होती, तीच तिकडे मजुरांच्या पुढाऱ्याची.

आता हिशेब. एका वाटीत दोन-तीन ग्रॅम तंबाखू बसते. ती नीट दाबून, सावकाश ओढली तर पाऊण तास पुरते. पन्नास ग्रॅमचा डबा वीसेक वेळा चालतो. वडील दिवसाला एकच वाटी भरत, रात्री जेवणानंतर. दाबायला खिळा, साफ करायला कोंबडीचे पीस. एक पाइप त्यांना सव्वीस वर्षे पुरला. पैशांच्या दृष्टीने याहून स्वस्त छंद शोधणे कठीण. पण एक गोष्ट त्यात गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे तो पाऊण तास. हात मोकळे हवेत, घाई नको, कोणी हाक मारता कामा नये. आईला तसा पाऊण तास कधी मिळाल्याचे मला आठवत नाही.

पाइपातली गरिबी-श्रीमंती खरी इथे आहे, आणि मातीच्या पाइपांतही ती मोजता येते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हातभर लांब नळीचे पाइप निघाले. ते खुर्चीत बसून, हाताने सावरत ओढायचे. धूर ओठांपर्यंत येईतो निवे. मजुराला हा डौल परवडत नसे. पैशांमुळे नव्हे, हात कामात म्हणून. तो आखूड पाइप दातांत धरी आणि कुदळ मारी. आयर्लंडमध्ये तर मर्तिकाच्या रात्री जागणाऱ्यांसाठी मातीचे पाइप भरून ठेवण्याची रीत होती, म्हणजे सर्वांत गरीब घरातही पाहुण्याला पाइप मिळे. पण आखूड नळीची वाटी ओठांच्या जवळ, माती तापलेली. पाइप ओढणाऱ्यांत ओठाचा कर्करोग जास्त आढळतो, असे जर्मन शरीरशास्त्रज्ञ झ्योमरिंग यांनी १७९५ साली नोंदवले आहे. सिगारेटचा जमाना तेव्हा यायचाच होता. पाइपाचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज आजही ऐकू येतो. ओठ, जीभ आणि घसा यांना तो समज वाचवत नाही.

वडिलांच्या जिभेच्या कडेला निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी चट्टा दिसला. शस्त्रक्रिया झाली, पुढे ते सात वर्षे जगले, पण अडखळत बोलत. त्या वर्षाच्या वहीत औषधे, रिक्षा, तपासण्या यांचे आकडे त्यांच्याच अक्षरात आहेत. मी बेरीज करून पाहिली. सव्वीस वर्षांच्या ‘तं.’पेक्षा ती मोठी भरली. वहीत त्यांनी दोन्ही बेरजा शेजारी मांडलेल्या नाहीत. त्या मी इथे मांडतो आहे, कारण ‘परवडणारा छंद’ या शब्दांत दुसरी बेरीज कोणी धरत नाही.

लंडनच्या जुन्या दफनभूमी खणल्या गेल्या तेव्हा कष्टकरी वस्त्यांतल्या अनेक सांगाड्यांच्या दातांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. वरचे-खालचे दात मिटले की मधे गोल भोक राहते, बरोबर मातीच्या नळीएवढे. वर्षानुवर्षे नळी तिथेच धरल्याने दात घासले गेले. काही सांगाड्यांत अशी भोके दोन आहेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. काही सांगाडे स्त्रियांचे आहेत.