जांघेतली गाठ अख्खीच हवी

सांगलीतल्या माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये फॉर्मॅलिनच्या बाटल्यांतून गाठी येतात, त्यात मानेतल्या गाठी लवकर येतात आणि जांघेतल्या फार उशिरा. मानेतली गाठ चारचौघांना दिसते. जांघेतली कपड्याखाली राहते आणि बायका तर तिच्याबद्दल घरातही बोलत नाहीत. शिवाय टाच भेगाळली, बोटांत चिखल्या झाल्या, उसाच्या खोडव्यात पाय कापला की जांघेत अवधाण येतं आणि जखम भरली की बसतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

ते खरंही आहे. पाय, कुल्ले, बाह्य जननेंद्रियं आणि बेंबीखालची कातडी इथला लसिकाद्रव जांघेतल्या ग्रंथींच्या नाक्यावरूनच पोटाकडे जातो. जंतू आले की तिथल्या लिम्फोसाइट पेशी वाढतात, ग्रंथी सुजते, ठणकते. अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या जांघेत वाटाण्याएवढ्या गाठी एरवीही हाताला लागतात आणि त्यात बहुतेकदा काही नसतं. लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात मात्र जंतूंचं निमित्त नसतानाच याच लिम्फोसाइट बेबंद वाढतात. पाऊल धड असतं, गाठ सहसा दुखत नाही, पण बसतही नाही. जोडीला कारण नसलेला ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि सहा महिन्यांत वजनात दहा टक्क्यांहून जास्त घट असेल, तर एक दिवसही थांबू नये.

लंडनच्या टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये ग्रंथींच्या एका आजाराचं वर्णन केलं. पुढे त्या आजाराची खूण ठरलेल्या विशिष्ट मोठ्या पेशी सापडल्या. तो हॉजकिन लिम्फोमा वगळून उरलेले सगळे लिम्फोमा म्हणजे नॉन-हॉजकिन. त्यात कित्येक डझन प्रकार आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. फॉलिक्युलर लिम्फोमा वर्षानुवर्षं रेंगाळतो, त्याची गाठ अधूनमधून आपोआप लहानही होते. त्रास नसेल तर औषध न देता नुसतं लक्ष ठेवणं हाच त्यावरचा योग्य मार्ग असू शकतो. नातेवाइकांना हे पटवणं फार अवघड जातं. उलट डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा काही आठवड्यांत वाढतो, पण वेळेवर उपचार मिळाले तर अनेक जण त्यातून पूर्ण बरे होतात. त्याचाच एक दुर्मीळ भाऊबंद थेट पायाच्या कातडीत उगवतो. बहुधा वयस्कर बायकांच्या नडगीवर लालसर-निळसर गोळे येतात आणि झपाट्याने वाढतात.

गेल्या पावसाळ्यात मिरज तालुक्यातून एक मावशी आल्या. जांघेत गाठ, डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला. आधी सुईची तपासणी झाली होती, त्यात निष्कर्ष निघाला नव्हता. मग कुणीतरी अंदाजानेच क्षयरोगाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. सर्जननी गाठ काढायला सांगितली, तेव्हा त्यांचा मुलगा मला विचारायला आला, “मॅडम, एकदा सुई टोचलीया की. परत कशाला कापायचं?”

मी त्याला सूक्ष्मदर्शकाजवळ बसवलं. सुईतून सुट्या पेशी येतात. पण लिम्फोमाचा प्रकार ठरतो तो ग्रंथीची आतली मांडणी कशी मोडली आहे, यावरून. त्यासाठी शक्य असेल तिथे गाठ अख्खी हवी. पोटात खोल असेल तर जाड सुईने तुकडे घ्यावे लागतात, पण जांघेतली गाठ हाताशी असते. आणि ती काढण्याआधी स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. गाठ तात्पुरती विरघळते आणि आम्हाला नेमकं तेच दिसेनासं होतं.

मावशींच्या पेशींवर सीडी-२० हे प्रथिन ठळक रंगलं. लार्ज बी-सेल. ओटीपोटातल्या गाठी शिरेवर दाबत होत्या, म्हणून पाय सुजला होता. (एकच पाय अचानक सुजला तर आधी डॉप्लर करून शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे पाहायलाच हवं. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.) मग पेट स्कॅन, हृदयाची इको आणि हिपॅटायटिस-बीची तपासणी झाली. ही शेवटची तपासणी चुकवू नये, कारण सीडी-२०ला जाऊन चिकटणारं रिटुक्सिमॅब हे औषध यकृतात दबून बसलेला तो विषाणू जागा करू शकतं. रिटुक्सिमॅब आणि चार जुनी औषधं, दर एकवीस दिवसांनी, सहा वेळा. त्यातल्या लाल औषधानंतर लघवी लाल होते. ते रक्त नसतं, हे आधीच सांगितलं की घरचे घाबरत नाहीत.

आजार उलटला तरी आता दर वेळी हात टेकावे लागत नाहीत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ या भारतीय कार-टी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देणाऱ्या) उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. बी-पेशींच्या उलटलेल्या लिम्फोमात तो काही निवडक रुग्णांना देता येतो.

पुढच्या उपचारांना मुंबईला किंवा पुण्याला निघालात, तर नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि मेणातला ब्लॉक मागून घ्या. तिथले डॉक्टर त्याच ब्लॉकवर पुन्हा तपासण्या करतात आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांदा कापावं लागत नाही.