चैत्रगौरीची आरास आणि जुनी खेळणी

सातारा-सांगलीकडच्या जुन्या खेळण्यांचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात सांगलीच्या बाहुल्यांपासून करावी. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही घडवल्या होत्या, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्या बाहुल्या शंभराहून अधिक वर्षं टिकल्या आणि शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हाताने पुन्हा चालत्या झाल्या. लाकूड शाबूत होतं, हे खरंच. पण दोरी कुठे बांधायची आणि कशी ओढायची, हे उमगणारा माणूसही भेटला, म्हणून हे जमलं.

औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारलं. तिथे चित्रं आणि हस्तिदंती कोरीवकाम यांना हक्काची जागा मिळाली. घरातल्या खेळण्यांना अशी इमारत कुणी बांधली नाही. बेंदराचे कच्च्या मातीचे बैल आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे तर वर्षभर टिकावेत अशी अपेक्षाही नसे. पण सुताराने केलेला पांगुळगाडा, तांबटाकडची पितळी भातुकली, सावंतवाडीची लाखेच्या रंगाची फळं, जपान-जर्मनीहून आलेल्या सेल्युलॉइडच्या बाहुल्या आणि चावीच्या पत्र्याच्या मोटारी दोन-तीन पिढ्या टिकल्या. त्या टिकण्यामागे चैत्रगौरीचा मोठा वाटा आहे.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीतरी हळदीकुंकू व्हायचं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि समोर पायऱ्या-पायऱ्यांची आरास. त्या आराशीसाठी वर्षभर ट्रंकेत असलेली खेळणी बाहेर निघत. कुठे कसर लागली, कोणत्या बाहुलीचा हात निखळला, कोणत्या बंबाची कल्हई गेली, हे आजीच्या नजरेतून सुटत नसे. चैत्रातली हवा कोरडी, पावसाळा पुढे उभा. आर्द्रतेने बिघडणाऱ्या वस्तू तपासायला याहून चांगला काळ नाही. सण म्हणून पाळलेली ही रीत, प्रत्यक्षात खेळण्यांची वार्षिक देखभाल होती.

साठ-सत्तरच्या दशकांनंतर प्लॅस्टिक स्वस्त झालं, स्वयंपाकघरात स्टील आलं. वाडे पडून फ्लॅट उभे राहिले आणि आरास एका टेबलावर मावू लागली. पितळी भातुकली वजनावर मोडीत गेली. उरलेली ट्रंक माळ्यावर चढली ती खाली आलीच नाही. खेळण्यांचं खरं नुकसान इथे सुरू झालं. पुराने ते फक्त उघडं पाडलं.

२००५, २०१९ आणि २०२१. कृष्णेच्या या तीन पुरांनी सांगलीला हादरवलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर घरोघरी जे हाताला लागलं ते उन्हात टाकलं गेलं. घाई समजण्यासारखी होती, पण रंगवलेल्या लाकडाला ऊन मानवत नाही. वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आतलं लाकूड ओलंच राहतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. अशी वस्तू सावलीत, वाऱ्यावर, सावकाश सुकवायची. ओला रंग चोळायचा नाही. पितळ मात्र स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडं करावं.

आमच्याकडच्या भातुकलीत चार बोटं उंचीचा एक बंब आहे. झाकण निघतं, तोटी फिरते, खाली राखेची जाळी आहे. दर वर्षी चिंचेने घासून त्याच्या काठावरची नक्षी जवळजवळ सपाट झाली आहे. प्रत्येक घासणीत पितळाचा थोडा थर जातो. म्हणून आता मऊ कोरड्या फडक्याने पुसणं पुरे. काळसरपणा हा त्या वस्तूच्या वयाचा भाग आहे.

लाखेच्या खेळण्यांना स्पिरिट लावू नये. लाख त्यात विरघळते. चावीच्या मोटारीची चावी पूर्ण पिळू नये आणि तिला पाणी दाखवू नये. सेल्युलॉइडची बाहुली वेगळी ठेवावी, हवाबंद डब्यात कधीच नाही: ते चटकन पेट घेतं आणि जुनं झालं की त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारचं लोखंड गंजवते. डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून, खेळण्याला न टेकवता ठेवावेत.

शेवटी वही. कोणती वस्तू कोणाची, कुठल्या जत्रेतून किंवा माहेराहून आली, तिच्याशी कसं खेळायचे, हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या पिढीच्या हाती फक्त पितळ आणि लाकूड पडतं. भाव्यांच्या बाहुल्यांना जाणता माणूस भेटला; प्रत्येक ट्रंकेला तो भेटेलच असं नाही. म्हणून येत्या चैत्रात आरास छोटी का होईना, पण मांडावी. माळ्यावरची ट्रंक खाली काढावी, घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईला शेजारी बसवावं आणि ती सांगेल ते लिहून घ्यावं. नवं रूप देण्याचा मोह आवरावा. खेळणं जसं आपल्याकडे आलं तसंच, त्याच्या माहितीसह पुढे देणं, एवढंच आपलं काम आहे आणि ते आपल्याला जमण्यासारखं आहे.