पाणबुड्याचे पुनरागमन : उजळणी आधी, बुडी नंतर

वऱ्हाडापासून समुद्र फार दूर आहे. अमरावती-अकोल्याकडचा मुलगा पोहायला शिकतो तो गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, किंवा नदीच्या डोहात. तथापि नोकरीनिमित्त अथवा हौसेने कोकणात, गोव्यात किंवा अंदमानात जाऊन स्कूबाचे, म्हणजे श्वसनयंत्रासह बुडी मारण्याचे, शिक्षण घेतलेले लोक या भागातही आहेत. पुढे नोकरी, शेती आणि संसार यांत दहा-पंधरा वर्षे निघून जातात. मग एके दिवशी पुन्हा पाण्याखाली जाण्याचा प्रसंग येतो. कधी हौसेचा, तर कधी निकडीचा.

निकडीचा प्रसंग किती दारुण असू शकतो, हे या भागाने अनुभवले आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. असा प्रसंग ओढवला की काठावर जमलेले लोक पूर्वी बुडी शिकलेल्या माणसाला शोधू लागतात. त्यालाही नाही म्हणवत नाही. परंतु अनेक वर्षे पाण्यापासून दूर राहिलेला पाणबुडा तयारीवाचून उतरला, तर एका संकटातून दुसरे संकट उद्भवते. म्हणून ही विद्या पुन्हा कशी हाती घ्यावी, याची माहिती पाणबुड्याइतकीच गावातील जबाबदार व्यक्तींनाही असली पाहिजे.

प्रमाणपत्र टिकते, सवय टिकत नाही

स्कूबाचे प्राथमिक प्रमाणपत्र साधारणतः आयुष्यभर ग्राह्य असते. मात्र त्यावरून धारकाने एके काळी हे शिक्षण घेतले होते, एवढेच सिद्ध होते. अमरावतीत १९१४ पासून कार्यरत असलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे या भागाला व्यायामाची मोठी परंपरा लाभली आहे. दहा वर्षांनी मल्लखांबाला हात लावणाऱ्याने पहिल्याच दिवशी अवघड उड्या करू नयेत, हे येथे कोणालाही पटेल. पाण्याखालीही तोच न्याय लागू आहे. चष्म्यात शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणे, तोंडातून निसटलेली श्वासनळी शोधून परत धरणे, हवा संपत आल्यास जोडीदाराकडून ती घेणे, या क्रिया विचार न करता घडाव्या लागतात. सराव सुटला की त्या आठवाव्या लागतात, आणि तेवढ्या अवधीत माणूस घाबरतो.

दाबाचे गणित

पाण्याखालच्या धोक्यांचे मूळ दाबात आहे. पृष्ठभागावर आपल्यावर एक वातावरण इतका हवेचा दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात सुमारे तेवढ्याच दाबाची भर पडते. १६६२ मध्ये मांडलेल्या बॉइलच्या नियमानुसार दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. उलट, १० मीटर खोलीवर छातीभर हवा घेऊन कोणी श्वास रोखून वर आला, तर ती हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटण्याचा धोका निर्माण होतो. हा बदल पहिल्या १० मीटरमध्येच सर्वांत तीव्र असतो. म्हणून उथळ पाणी सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. यंत्राने श्वास घेताना तो कधीही रोखू नये, हा पहिला नियम होय.

कानांचेही तसेच आहे. पडद्यावरील दाब एक-दोन मीटरवरच जाणवू लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घालण्याची क्रिया दुखण्यापूर्वीच, वारंवार करावी लागते. सर्दी असताना बुडी टाळावी.

दरम्यान बदललेले नियम

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी आधुनिक श्वसनयंत्राला रूप दिले. तेव्हापासून साधनांत आणि नियमांतही सुधारणा होत गेली. १९८० च्या दशकात शिकलेल्यांना मिनिटाला १८ मीटर वेगाने वर येण्यास मुभा होती. आता सामान्यतः मिनिटाला ९ मीटर ही मर्यादा पाळतात आणि शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटे थांबतात. पूर्वी दोघे आळीपाळीने एकच मुखनळी वापरत. आज प्रत्येकाजवळ जोडीदारासाठी दुसरी मुखनळी असते. छापील तक्त्यांची जागा मनगटावरील संगणकाने घेतली आहे. तेव्हा ज्याला जुने पाठ आहे, त्यालाही नवे शिकावेच लागते.

शरीर आणि साधने

वाढत्या वयाबरोबर हृदयाचा विचार आवश्यक ठरतो, कारण बुडीतील मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. रक्तदाब, मधुमेह, दमा, फेफरे, कानाचे किंवा छातीचे आजार व शस्त्रक्रिया यांची माहिती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगून लेखी अनुमती घ्यावी. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी तर ही तपासणी चुकवूच नये.

साधनांबाबत एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. सिलिंडरमध्ये शुद्ध प्राणवायू नसून साधी, गाळलेली हवा सुमारे २०० पट दाबाने भरलेली असते. शुद्ध प्राणवायू सहा मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो. वाहनांच्या चाकांत हवा भरणाऱ्या यंत्रावर हा सिलिंडर कदापि भरू नये, कारण त्या हवेत तेलाचे कण आणि विषारी वायू मिसळलेला असू शकतो. माळ्यावर पडून राहिलेल्या संचातील रबरी भाग कडक होऊन चिरतात. म्हणून ठरलेल्या मुदतीची सिलिंडरची जलदाब चाचणी आणि श्वासनियामकाची दुरुस्ती झाल्याखेरीज तो वापरू नये.

उजळणीचा क्रम

प्रथम पुस्तकी उजळणी, मग दोन-तीन मीटर खोल जलतरण तलावात सर्व क्रियांचा सराव, आणि त्यानंतर प्रशिक्षकासमवेत स्वच्छ, शांत समुद्रात उथळ बुडी, असा क्रम असावा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाचे केंद्र उभारल्याने मराठी माणसाला ही विद्या आपल्याच किनाऱ्यावर शिकता येऊ लागली. प्रशिक्षकाला आपण किती वर्षांनी उतरत आहोत, हे खरे सांगावे. त्यात कमीपणा नाही.

परतीच्या प्रवासाबाबतही दक्षता हवी. बुडीत शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. त्यापूर्वी उंचावर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे व मज्जासंस्था यांना इजा होऊ शकते. एका बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. वऱ्हाडात मोटारीने परतणाऱ्यालाही सह्याद्री चढावा लागतो आणि आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. म्हणून घाट चढण्यापूर्वीही पुरेशी विश्रांती घ्यावी.

आपल्याकडचे पाणी वेगळे

समुद्रातील उजळणीने वऱ्हाडातील जलाशयात उतरण्याची पात्रता आपोआप येत नाही. गोडे पाणी हलके असते. माणूस व साधने मिळून १०० किलो भरत असतील, तर कमरेचे शिसे सुमारे अडीच किलोने कमी करावे लागते. मोर्शीजवळील अप्पर वर्धा धरणाचा जलाशय भरतो तेव्हा त्याची पातळी समुद्रसपाटीपासून ३४० मीटरहून अधिक असते, आणि ३०० मीटरच्या वर उंचीसाठीचे नियम विचारात घेण्याची पद्धत आहे. पावसाळ्यातील गढूळ नदीत तर हातभर अंतरावरचेही दिसत नाही. त्यात काटेरी झुडपे, मासेमारीची जाळी आणि वेगवान प्रवाह असतो. तेथे शोध घेण्यास काठावरून दोर सांभाळणारा सहकारी आणि स्वतंत्र प्रशिक्षण लागते. हौशी पाणबुड्याचे ते काम नव्हे.

गावाची जबाबदारी

या कामासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या नागपूर व धुळे येथे तुकड्या आहेत. अकोला जिल्ह्यातील पिंजर येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकासारखी स्वयंसेवी पथकेही तत्परतेने धावून येतात. दुर्घटना घडताच १०७७ या क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवावे आणि दोर, हवा भरलेली नळी, रिकामे पिंप अशी साधने काठावरून पुरवावीत. पंचायतीने गावातील प्रशिक्षित पाणबुड्यांची यादी जरूर ठेवावी. मात्र नावापुढे प्रमाणपत्राच्या वर्षाबरोबर शेवटच्या सरावाची तारीखही लिहावी. ती तारीख जुनी असेल, तर त्या माणसाला पाण्यात पाठवू नये. बचाव पथकाला डोहाची, प्रवाहाची आणि घाटाची माहिती देणे, हेही तितकेच मोलाचे साहाय्य आहे. ज्याला उतरण्याची उमेद आहे, त्याच्यासाठी उजळणीची वाट खुली आहेच. परंतु ती वाट संकटाच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी चालून झालेली असली पाहिजे.