नट एकही उरला नाही, तरी गाडी धूर का सोडते?

‘खोललं तसंच उलट क्रमानं लावायचं, त्यात काय!’ कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्लॉक बोरिंगला टाकून आलेला घरचा मिस्त्री हे हमखास म्हणतो. खोलताना झालेली चूक दिसते. जोडताना झालेली झाकणाखाली जाते आणि हजार किलोमीटरनंतर बोलते.

जावा-येझदीचंच घ्या. म्हैसूरला १९६१ ते १९९६ या काळात बनलेली ही टू-स्ट्रोक गाडी कोल्हापुरातल्या कितीतरी अंगणांत सुटी होऊन पडलेली असते. तिच्याबद्दलचा सगळ्यांत महाग गैरसमज म्हणजे ऑईल सील फक्त तेल अडवतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना केसमध्ये पेट्रोल-हवा ओढली जाते, खाली येताना तीच दाबून वर सिलिंडरमध्ये ढकलली जाते. म्हणून केस हवाबंद लागते. डाव्या, क्लचच्या बाजूचं सील कडक झालेलं असेल, तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल पितं आणि पांढरा धूर सुरू होतो. उजव्या, डायनॅमोच्या बाजूचं गेलं, तर नुसती हवा आत येते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापून पिस्टन धरतो. दोष मात्र रिंगांना मिळतो आणि बिचारा ब्लॉक परत बोरिंगला जातो. सील त्या खर्चापुढं किरकोळ.

हवाबंद म्हणून सिलिकॉन थापायचं, हेही चूक. जास्तीचा लगदा आत सांडतो आणि तेलाच्या वाटा बुजवतो. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ, सपाट हवेत. रिंगा कशाही फिरवून बसवता येत नाहीत. खाचेतल्या खिळीवरच तोंड आलं पाहिजे, नाहीतर ते पोर्टमध्ये अडकून मोडतं. पेट्रोलमध्ये ऑईल जास्त घातलं तर इंजिन सुखी, असंही नाही. तेवढं पेट्रोल कमी जातं आणि प्लग काजळतो. आणि बोल्ट ‘कचकून’ आवळण्यात मर्दुमकी नाही. ॲल्युमिनियमचे आटे मुकाट जातात.

चकाचक रंगवल्यावर हॉर्न वाजत नाही? अर्थिंगच्या जागेवरचा रंग खरवडा. जीव तुटतो, पण इलाज नाही.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हीसुद्धा अफवाच. तपासणीत पास झाली तर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबरही मिळतो. पण त्या नंबरावर गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. रंकाळ्यावर चक्कर मारून मिसळ खायला जायचं असेल, तर साधी नोंदणीच बरी.